झाकली मूठ आणि फडाचे पाणी

१

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपल्याकडे शहाणपणाची म्हणून सांगितली जाते. घरातले उणेदुणे चव्हाट्यावर मांडू नये, कणगीत किती धान्य उरले हे शेजाऱ्याला कळू देऊ नये, एवढ्यापुरते तिच्यात तथ्यही आहे. मुलीचे लग्न जुळविणाऱ्या बापाला किंवा सावकाराच्या ओटीवर बसलेल्या शेतकऱ्याला ती उपयोगी पडत असेल. परंतु हीच म्हण सरकारांनी पाठ केली म्हणजे काय होते, याचा धडा विसाव्या शतकाने फार महाग किमतीला विकत घेतला. सोव्हिएत रचनेची अणुवीज केंद्रे आणि ती सुरक्षित व्हावीत म्हणून अनेक राष्ट्रांनी मिळून केलेला खटाटोप, यांचा इतिहास म्हणजे तोच धडा होय.

खानदेशातल्या एका शिक्षकाने या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. व्हिएन्ना, मॉस्को, किएव्ह ही नावे आमच्या भूगोलाच्या पुस्तकातली. आमचा व्यवहार केळीच्या बागांशी, कपाशीच्या गाठींशी आणि तापीच्या पाण्याशी. पण उत्तर त्या पाण्यातच आहे. मुलताईला उगम पावलेली तापी जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे ओलांडून गुजरातेत शिरते. तिथे उकाईचे धरण आहे. त्याच्या जलाशयाखाली आमच्या बाजूची, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेली गावेही गेली. उकाईच्या खाली काकरापारचा बंधारा, आणि त्या बंधाऱ्याच्या पाण्यावर चालणारे काकरापार अणुवीज केंद्र. भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसावे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्टेशने मागे टाकीत गाडी व्याऱ्याला पोचली की ते केंद्र जवळच असते. नकाशावर सरळ रेषा ओढली तर नवापूर तिथून ५० किलोमीटरांच्या आत येते, धुळे सुमारे १५० आणि जळगाव सव्वादोनशेच्या आसपास. तिथली वीज महाराष्ट्राच्या वाट्यालाही येते. तेव्हा रावेरच्या केळीला पाणी देणाऱ्या पंपात तिचा काही अंश फिरत असणार. पाणी आमच्याकडून तिकडे जाते आणि पावसाळ्यात वारा तिकडून आमच्याकडे येतो. शेजार म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

काकरापारच्या भट्ट्या सोव्हिएत रचनेच्या नाहीत, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांचे कूळ कॅनडाकडचे. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढची वाट आपल्या अभियंत्यांनी स्वतः काढली. सोव्हिएत रचनेची केंद्रे भारतात आहेत ती दूर दक्षिणेस, कुडनकुलमला. तथापि भट्टीचे कूळ कोणतेही असो, तिच्या शेजाऱ्याला पडणारा प्रश्न एकच असतो : आत काय चालले आहे हे मला कोण सांगणार?

२

सोव्हिएत संघात हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये उरल पर्वताच्या भागात, किश्तिम गावाजवळच्या मायाक कारखान्यात, अणुकचरा साठविलेल्या एका टाकीची थंड करण्याची व्यवस्था बिघडली आणि टाकी फुटली. शेकडो चौरस किलोमीटर मुलूख किरणोत्सर्गाने बाधित झाला. पुढे दहा हजारांहून अधिक माणसे हलवावी लागली. जगाला याचा पत्ता लागला तो १९७६ साली, देशाबाहेर राहणाऱ्या झोरेस मेदवेदेव या शास्त्रज्ञाने लिहिले तेव्हा. सोव्हिएत सरकारने स्वतः कबुली दिली १९८९ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी. आणि मूठ एकट्या मॉस्कोचीच झाकलेली होती असेही नाही. त्याच १९५७ साली, ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडातल्या विंडस्केलच्या भट्टीला आग लागली. पंतप्रधान मॅकमिलन यांनी चौकशीचा संपूर्ण अहवाल दाबून ठेवला. तो तीस वर्षांनी बाहेर आला.

पण गुप्ततेची खरी किंमत वसूल झाली ती आरबीएमके नावाच्या सोव्हिएत भट्टीत. तिची रचना थोडक्यात सांगतो. ग्रॅफाइटचा प्रचंड गठ्ठा, त्याला आरपार शेकडो नळ्या, नळ्यांत युरेनियमच्या कांड्या आणि त्यांना थंड ठेवणारे पाणी. साध्या पाण्यावर चालणाऱ्या इतर बहुतेक भट्ट्यांत पाण्याची वाफ जास्त झाली की अणुप्रक्रिया आपोआप मंदावते. हिच्यात उलट होते. वाफ वाढली की प्रक्रिया भडकते. दुसरा दोष याहून विलक्षण. प्रक्रिया थांबविण्यासाठी जे नियंत्रक दांडे खाली सोडायचे, त्यांच्या खालच्या अंगाला ग्रॅफाइटचे तुकडे जोडलेले होते. दांडे पूर्ण वर ओढलेले असताना एकदम सोडले, तर पहिले काही क्षण ते भट्टीच्या तळाशी आग विझविण्याऐवजी वाढवीत. बैलगाडीचा खटका ओढावा आणि गाडीने थांबण्याआधी एक उसळी घ्यावी, तसा हा प्रकार.

हे कोणाला माहीत नव्हते काय? होते. १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये लेनिनग्राडच्या केंद्रात याच जातीच्या भट्टीत अपघात होऊन इंधन वितळले होते. १९८३ साली लिथुएनियातल्या इग्नालिना येथे नवी भट्टी सुरू करताना दांड्यांचा हा उलटा गुण प्रत्यक्ष दिसला होता. रचनाकारांनी त्याची नोंद घेतली, केंद्रांना कळविलेही. पण दोष दूर झाला नाही, आणि रात्रपाळीला बसणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ कोणी समजावून दिला नाही.

२५ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीत एक चाचणी व्हायची होती. वीज गेली तर डिझेलची जनित्रे सुरू होईपर्यंत, नुसत्या गतीने फिरत राहिलेल्या टर्बाइनवर पंप चालतील काय, एवढेच पाहायचे होते. चाचणी सुरक्षिततेसाठीच होती, हे या कथेतले दुर्दैव. दिवसा विजेची मागणी होती म्हणून किएव्हच्या वीज नियंत्रकाने ती लांबविली, आणि जिने तयारी केली नव्हती त्या रात्रपाळीच्या गळ्यात ती पडली. रात्री १ वाजून २३ मिनिटांनी भट्टी बंद करण्याचे बटण दाबले गेले. दांडे उतरू लागले, आणि काही सेकंदांत भट्टी फुटली.

त्या रात्री दोन कामगार गेले. पुढच्या काही महिन्यांत तीव्र किरणबाधेने आणखी २८ जण दगावले. त्यांत आग विझवायला धावलेले बंबवाले होते. त्या वर्षात भोवतालच्या मुलखातून १,१६,००० माणसे हलविली गेली. पुढे किती जणांना कर्करोगाने ग्रासले याचे हिशेब वेगवेगळे आहेत आणि त्यांवर वाद आहेत. मुलांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे कर्करोग वाढले याबद्दल मात्र वाद नाही. दूषित दूध वेळीच थांबविले असते तर त्यांतले पुष्कळ टळले असते.

३

मूठ उघडली ती मॉस्कोने नव्हे. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुकेंद्रात कामावर असलेल्या एका माणसाच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला आणि घंटा वाजली. आपल्याच केंद्रात गळती झाली असे आधी त्यांना वाटले. शोध घेता घेता ध्यानात आले की ही धूळ बाहेरून, आकाशातून आली आहे. वाऱ्याची दिशा पाहिली, ती सोव्हिएत भूमीकडे बोट दाखवीत होती. चेर्नोबिल तिथून हजार किलोमीटरांहून अधिक दूर. त्या दिवशी संध्याकाळी मॉस्कोच्या दूरदर्शनने चार ओळींची बातमी दिली. १ मे रोजी किएव्हच्या रस्त्यांवरून कामगार दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. तीत शाळेची मुले होती.

हा भाग मी वर्गात सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, स्वीडनच्या माणसाच्या बुटाला जे कळलं, ते किएव्हच्या मुलांच्या आईबापांना का नाही कळलं?" इतिहासाच्या पुस्तकात याला अनेक कारणे लिहिलेली आहेत. पण त्या मुलीच्या प्रश्नात उत्तर अर्धे होतेच.

ऑगस्ट १९८६ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हॅलेरी लेगासोव्ह यांनी पाच तास निवेदन केले. इतका मोकळेपणा सोव्हिएत प्रतिनिधीकडून कोणी अपेक्षिला नव्हता. सभागृह भारावून गेले. तरीही मुठीचे एक बोट मिटलेलेच राहिले. दोष मुख्यतः चालकांवर टाकला गेला. दांड्यांचा दोष नीट मांडला गेला नाही. व्हिएन्नाच्या तज्ज्ञ मंडळाने त्यावर विसंबून पहिला अहवाल लिहिला, आणि १९९२ साली त्याच मंडळाला दुसरा अहवाल लिहून रचनेचा दोष ठळकपणे सांगावा लागला. लेगासोव्ह ते पाहायला नव्हते. १९८८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी आत्महत्या केली होती.

२६ सप्टेंबर १९८६ रोजी, म्हणजे अपघाताला बरोबर पाच महिने झाले त्या दिवशी, दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले. अपघात झाल्यास शेजाऱ्यांना त्वरित कळवावे हा एक, आणि संकटात परस्परांना मदत करावी हा दुसरा. गावात आग लागली तर ओरडून सांगावे आणि शेजाऱ्याने घागर घेऊन धावावे, हे सांगायला माणसाला कराराची गरज पडत नाही. राष्ट्रांना ती पडली. भारत या दोन्ही करारांत सामील आहे.

४

करार सरकारांमध्ये होतात. भट्टी चालवितात ती माणसे. म्हणून पुढची घटना मला करारांहून मोठी वाटते. १५ मे १९८९ रोजी, मॉस्कोतच, जगातल्या अणुकेंद्र चालकांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. 'वानो' हे तिचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव. तिची कल्पना अमेरिकेतून आली होती. १९७९ साली थ्री माइल आयलंडला अपघात झाल्यावर तिथल्या वीज कंपन्यांनी ओळखले होते की एकाचे केंद्र फुटले तर सर्वांचेच दिवाळे वाजेल. म्हणून त्यांनी एकमेकांची केंद्रे तपासायला सुरुवात केली. तेच आता जगभर व्हायचे होते. फ्रेंच अभियंत्याने रशियन केंद्रात जावे, रशियनाने अमेरिकन केंद्रात जावे, आणि आठवडे-दोन आठवडे राहून जे दिसले ते तोंडावर सांगावे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते या मानवी अवगुणाचा असा सदुपयोग क्वचितच कोणी केला असेल.

आमच्या मुलखातल्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. पांझरेच्या काठी, साक्री-धुळ्याच्या भागात, फड पद्धतीची बागायत कैक पिढ्यांपासून चालत आली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, आणि एका फडात सर्वांचे एकच पीक. पाणी कोणी आपल्या मर्जीने घ्यायचे नाही. पाटकरी पाणी देतो, हवालदार त्याच्यावर देखरेख करतो, जागल्या राखण करतो. या साऱ्यांना गावकरीच नेमतात. पाटकऱ्याची स्वतःची जमीन त्या फडात असो वा नसो, तो कोणाच्याही बांधावर जातो आणि पाट फुटला असेल तर मालकाला सुनावतो. वरच्या शेतकऱ्याने पाट साफ ठेवला नाही तर खालच्याचे पीक जळते. एकाच्या हलगर्जीची झळ दुसऱ्याला लागते हे सर्वांना दिसत असते, म्हणून पाटकऱ्याच्या येण्याला कोणी आपल्या घरात नाक खुपसणे म्हणत नाही. चेर्नोबिलनंतर अणुकेंद्रांचाही एक फड आहे, एवढी गोष्ट जगाला कळली.

फरक आहे तो दंडाचा. फडात नियम मोडणाऱ्याचे पाणी तोडता येते. १७ जून १९९४ रोजी व्हिएन्नात अणुसुरक्षेचा मोठा करार संमत झाला. त्यात प्रत्येक राष्ट्राने ठराविक काळाने आपल्या केंद्रांचा अहवाल इतरांपुढे ठेवावा आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत असे ठरले. चुकणाऱ्याला शिक्षा मात्र काही नाही. चारचौघांत मान खाली जाण्याची भीती, एवढाच त्या कराराचा दंडुका.

५

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि जगापुढे नवाच पेच उभा राहिला. सोव्हिएत रचनेच्या पन्नासांहून अधिक भट्ट्या पूर्व युरोपात आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत पसरलेल्या, तिजोऱ्या रिकाम्या, काही ठिकाणी अभियंत्यांचे पगार महिनोन्महिने थकलेले. पूर्व जर्मनीच्या ग्राइफ्सवाल्ड येथील भट्ट्या जर्मनीच्या एकीकरणाच्या सुमारास सरळ बंद केल्या गेल्या. श्रीमंताला ते शक्य होते. बल्गेरियाला नव्हते. डॅन्यूबकाठच्या कोझ्लोदुई केंद्राची १९९१ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय तपासणी झाली, तेव्हा जुन्या भट्ट्यांची दशा पाहून तपासणारे हादरले. त्या भट्ट्यांना अपघातात किरणोत्सर्ग कोंडून धरणारी भक्कम कवच-इमारतच नव्हती. बंद करा म्हणणे सोपे होते. पण देशाच्या विजेचा मोठा हिस्सा तिथून येत होता आणि बल्गेरियाचा हिवाळा हाडे गोठविणारा असतो. मग युरोपच्या पैशाने आणि परदेशी अभियंत्यांच्या साह्याने आधी साफसफाई, मग दुरुस्ती, मग सुधारणा, असे काम सुरू झाले.

१९९२ च्या जुलैमध्ये म्युनिच येथे सात श्रीमंत राष्ट्रांच्या परिषदेने या भट्ट्यांसाठी कार्यक्रम आखला. पुढच्या वर्षी युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेत त्यासाठी खाते उघडले गेले. परिषदांच्या बातम्या छापून येतात. प्रत्यक्ष काय झाले ते फारसे कोणी वाचत नाही. खरा रस तिथेच आहे. चेर्नोबिलसारख्या भट्ट्यांत इंधनातील युरेनियमचे प्रमाण २ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर नेले, जादा शोषक दांडे बसविले, दांड्यांची रचना बदलली, आणि बंद होण्यास लागणारा सुमारे १८ सेकंदांचा वेळ १२ वर आणला. जळणारे प्लॅस्टिकचे आच्छादन काढून न जळणारे घातले, आग रोखणारे दरवाजे बसविले. ते किती जरूर होते हे ऑक्टोबर १९९१ मध्ये चेर्नोबिलच्याच दुसऱ्या भट्टीच्या टर्बाइन दालनाला आग लागून छप्पर कोसळले तेव्हा दिसले होते.

याहून महत्त्वाचे काम कागदावरचे होते. जुन्या सूचनापुस्तकांत 'अमुक नळ फुटला तर तमुक करा' असे लिहिलेले असे. रात्री दोन वाजता शंभर दिवे एकदम लुकलुकू लागल्यावर नेमका कोणता नळ फुटला हे बिचाऱ्या चालकाला कळावे कसे? अमेरिकन आणि तिथल्या अभियंत्यांनी मिळून नवी पुस्तके लिहिली, ती लक्षणांवरून उपाय सांगणारी : दाब उतरतो आहे काय, पाण्याची पातळी खाली जाते आहे काय, तर आधी हे करा, कारण मागाहून शोधा. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई आधी ओली घडी ठेवते, निदान डॉक्टर आल्यावर होते. तेच हे शहाणपण. शिवाय नियंत्रण कक्षाच्या हुबेहूब प्रतिकृती उभारल्या गेल्या. तिथे संकटाची तालीम करता येई आणि चूक झाली तर कोणी मरत नसे.

फिनलंडने तर हा मार्ग आधीच दाखविला होता. १९७७ साली सुरू झालेल्या लोव्हिसा केंद्रात त्या लहान देशाने भट्टी सोव्हिएत घेतली, पण कवच-इमारत पाश्चात्त्य पद्धतीची आणि नियंत्रण यंत्रणा जर्मन हवी असा आग्रह धरला. वाईट भट्टी म्हणून नाके मुरडणाऱ्यांना आणि आमचे तेच उत्तम म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ते उत्तर होते.

सारेच गोड होते असे समजण्याचे कारण नाही. पाश्चात्त्य सल्लागारांचे अभ्यास पुष्कळ आणि केंद्रात बसलेली यंत्रे थोडी, अशी तक्रार पूर्वेकडे होती. युरोपच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनीही १९९८ साली या कामातल्या दिरंगाईवर बोट ठेवले. सौदेही कठोर झाले. युरोपीय संघात यायचे तर जुन्या भट्ट्या बंद करा, ही अट लिथुएनिया, स्लोव्हाकिया आणि बल्गेरिया यांना मान्य करावी लागली. ज्या इग्नालिनाच्या सुरक्षिततेवर स्वीडनने वर्षानुवर्षे पैसा आणि माणसे खर्च केली, तिथली शेवटची भट्टी २००९ च्या अखेरच्या दिवशी बंद झाली. चेर्नोबिलची शेवटची चालू भट्टी त्याआधी, १५ डिसेंबर २००० रोजी थांबली होती. फुटलेल्या चौथ्या भट्टीवर चाळीसहून अधिक देशांच्या पैशाने पोलादी कमान उभारली गेली. ३६,००० टन वजनाची ती कमान शेजारी बांधून रुळांवरून सरकवीत नोव्हेंबर २०१६ मध्ये जागेवर नेली. तिचे आयुष्य शंभर वर्षे धरले आहे.

६

आता घराकडे वळू. कुडनकुलमचा करार २० नोव्हेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि गोर्बाचेव्ह यांच्यात झाला; चेर्नोबिलला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. सोव्हिएत संघ गेला, करार रेंगाळला, १९९८ साली रशियाशी तो नव्याने झाला आणि २००२ साली बांधकाम सुरू झाले. त्या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते अनिल काकोडकर. सातपुड्यापलीकडे बडवानीला जन्मलेले आणि खरगोनला शाळा शिकलेले, म्हणजे आमच्या शेजारचेच. मधल्या वर्षांच्या विलंबाचा एक लाभ झाला. चेर्नोबिलने शिकविलेले पुष्कळसे त्या रचनेत उतरले : दुहेरी कवच, वीज गेली तरी हवेच्या साह्याने उष्णता काढून घेणारी व्यवस्था, आणि गाभा वितळलाच तर तो झेलणारे भट्टीखालचे पात्र. तिथल्या मच्छीमारांचे समाधान मात्र यंत्रांनी झाले नाही. २०११ साली जपानात फुकुशिमा झाल्यावर ते मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये केंद्राला परवानगी दिली, पण सोबत पंधरा निर्देश घातले.

आणि काकरापार? १९९४ च्या जूनच्या मध्यास दक्षिण गुजरातेत मुसळधार पाऊस झाला. केंद्राजवळच्या तळ्याचे पाणी चढले आणि टर्बाइन इमारतीत शिरले. भट्टी त्या वेळी बंद होती म्हणून निभावले. केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने हा प्रकार वृत्तपत्राला कळविला. त्याची नोकरी गेली. तो न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिला आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही हरला. केंद्रात पाणी शिरले ते दिवस आणि व्हिएन्नात राष्ट्रांनी अणुसुरक्षेचा करार संमत केला तो दिवस, यांत दोन दिवसांचेही अंतर नाही. एकीकडे जग उघडेपणाची शपथ घेत होते, दुसरीकडे तापीकाठचा एक माणूस उघडे बोलल्याची किंमत मोजणार होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ मार्च १९९३ रोजी, उत्तर प्रदेशात नरोऱ्याला टर्बाइनची पाती तुटून आग लागली होती. केबली जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्रात वीज नव्हती. माणसांनी अंधारात, हातबत्तीच्या उजेडात जिने चढून झडपा उघडल्या, आग विझविण्याच्या डिझेल पंपांनी पाणी पुरविले आणि भट्टी वाचविली. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्या पात्यांत दोष संभवतो हे मूळच्या परदेशी रचनाकाराने आधी कळविले होते, आणि पाती बदललेली नव्हती. इग्नालिनाच्या दांड्यांची गोष्ट आठवावी. एका राष्ट्राची राज्यपद्धती दुसऱ्याहून कितीही निराळी असली तरी कपाटात पडून राहिलेल्या पत्राची जात सगळीकडे एकच.

११ मार्च २०१६ रोजी काकरापारच्या पहिल्या भट्टीत एक नळी गळली. भट्टी आपोआप थांबली, आणीबाणी जाहीर झाली, ती त्याच दिवशी वर्तमानपत्रांना कळली. १९९४ आणि २०१६ यांच्यामधला हा फरक प्रगतीच म्हटला पाहिजे. मधल्या काळात, २००५ साली, भारताने अणुसुरक्षेचा करार स्वीकारला होता. २०१२ साली राजस्थानच्या दोन भट्ट्या व्हिएन्नाच्या तपासणी तुकडीला दाखविल्या गेल्या, आणि २०१५ साली आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचीही तपासणी झाली. मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यानेच पक्के करावे अशी शिफारस पाहुण्यांनी केली. आपली केंद्रे चालविणारे मंडळ वानोचे सभासद आहे आणि परदेशी चालक आपली केंद्रे पाहून जातात.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती केवळ भारताची नाही. वानोचे अहवाल गोपनीय असतात. चालक एकमेकांपाशी मोकळेपणाने बोलतील ते याच अटीवर, असे त्याचे समर्थन केले जाते, आणि त्यात अर्थ नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मग दार उघडले ते व्यावसायिकांपुरतेच. आपल्याकडे आपत्कालीन योजनेसाठी केंद्राभोवती १६ किलोमीटरांचे वर्तुळ आखण्याची रीत पडली. चेर्नोबिलभोवती गावे उठवावी लागली ती ३० किलोमीटरांपर्यंत, आणि काही ठिकाणी त्याहूनही दूरची. नवापूरचा शेतकरी त्या वर्तुळात नाही आणि वानोच्या सभेतही नाही. फडाचा हिशेब गावापुढे मांडला जात असे. पाटकरी आणि हवालदार यांनी आपसांत कुजबुजून भागत नसे.

७

२४ फेब्रुवारी २०२२ नंतर या साऱ्या सहकार्याची कसोटी लागली. मार्चच्या आरंभी युक्रेनमधले झापोरिझ्झिया केंद्र, सोव्हिएत रचनेच्या सहा भट्ट्यांचे, रशियन सैन्याने ताब्यात घेतले. ज्या रशियन आणि युक्रेनी अभियंत्यांनी एकाच पाठशाळेत धडे घेतले, एकाच तक्त्यावर आकडे मांडले, ते बंदुकीच्या दोन बाजूंस उभे राहिले. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून व्हिएन्नाच्या संस्थेचे निरीक्षक तिथे राहू लागले. ६ जून २०२३ रोजी नीपर नदीवरचे काखोव्हका धरण फुटले. त्याच धरणाच्या जलाशयातून केंद्राला थंड करायचे पाणी मिळत असे. भट्ट्या आधीच थांबविलेल्या असल्यामुळे आणि साठवणतळ्यात पाणी असल्यामुळे अनर्थ टळला. उकाईच्या जलाशयाकाठी राहणाऱ्याला ही बातमी परदेशाची वाटणे कठीण. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चेर्नोबिलच्या पोलादी कमानीवर ड्रोन आदळून तिला भोक पडले. युक्रेनने रशियाला दोषी धरले, रशियाने इन्कार केला. चाळीसहून अधिक देशांनी मिळून शंभर वर्षांसाठी बांधलेल्या छपराला पहिल्या नऊ वर्षांतच ठिगळाची गरज पडली.

मग ही सारी खटपट वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. झापोरिझ्झियाचे चालक, दडपणाखाली आणि पुन:पुन्हा बाहेरची वीज तुटत असताना, भट्ट्या सांभाळीत राहिले. प्रतिकृतीच्या खोल्यांत झालेल्या तालमी आणि लक्षणांवरून उपाय सांगणारी ती पुस्तके तेव्हा कामास आली नसतील असे कोण म्हणेल? आणि तिथे काय चालले आहे हे जगाला रोजच्या रोज कळत राहिले. स्वीडनमधल्या कोणाच्या बुटावर विसंबावे लागले नाही. १९८६ च्या मानाने हे थोडके नव्हे.

वीज आपल्याला हवी आहे. दीपनगरच्या धुराड्यांकडे पाहत वाढलेल्या भुसावळकराला कोळशाच्या राखेचीही किंमत ठाऊक आहे. तेव्हा अणुवीज नको असा कौल देण्यासाठी हा लेख मी लिहिलेला नाही. तो कौल देण्याइतके माझे शास्त्राचे ज्ञानही नाही. पण इतिहास शिकविणारा म्हणून एक मागणी करण्याचा अधिकार मला वाटतो. काकरापारची तपासणी झाली म्हणजे तिच्यात काय आढळले, काय सुधारले आणि काय राहिले, हे मराठीत आणि गुजरातीत, आणि जमल्यास भिल्ली-गावितांच्या बोलीतही, नवापूर, नंदुरबार, व्यारा इथल्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागावे. चार पानांचा कागद पुरे. तो वाचायला तालुक्यात माणसे आहेत. वाचून प्रश्न विचारणाऱ्या मुलीही आता शाळाशाळांतून आहेत.